रिकामी भट्टी

माझे बालपण बेकरीच्या मागच्या खोलीत गेले. अब्बा रात्रभर पाव भाजत. माल निम्मा असला तरी भट्टी तापवायला लाकूड जवळपास तेवढेच लागे. "रिकामी भट्टीच जास्त खाते, बेटा," असे ते म्हणत. त्यांचे हे वाक्य मला आता संगणकांच्या बाबतीत आठवते.

आपण मोबाइलवरून साठवलेला फोटो हवेत राहत नाही. तो कुठल्या तरी डेटा सेंटरमध्ये, हजारो संगणकांच्या गर्दीत जाऊन बसतो. आपल्या ऐरोली-महापे भागातही अशी केंद्रे आहेत. २०२४ साली जगभरच्या डेटा सेंटरनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का.

ती वाचवायची कशी? २००७ साली गूगलच्या बारोसो आणि होल्झले या दोन तज्ज्ञांनी दाखवून दिले, की असे संगणक बहुतेक वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करतात. पण काम नसतानाही पूर्ण कामाच्या जवळपास निम्मी वीज खातात. अब्बांची भट्टीच ती! उपाय असा, की चार यंत्रांचे काम एकावर गोळा करायचे आणि उरलेली बंद ठेवायची.

दुसरा खर्च थंडाव्याचा. गरम आणि थंड हवा एकमेकींत मिसळू दिली नाही, तर खोली फार गार ठेवावी लागत नाही. फिनलंडमध्ये हामिना येथे जुन्या कागद गिरणीत गूगलने २०११ साली केंद्र सुरू केले. तिथे समुद्राच्या पाण्यानेच यंत्रे थंड होतात. डेन्मार्कच्या ओडेन्से शहरात तर डेटा सेंटरची उष्णता घरे उबदार ठेवायला वापरतात. आमच्याकडे ईदच्या आधी मोहल्ल्यातल्या बायका नानकटाईचे थाळे घेऊन येत आणि उरलेल्या धगीवर ती भाजून नेत, तसेच हे.

मात्र एक गोम आहे. दर कामामागची वीज घटते, पण कामेच वाढत जातात. २०३०पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे तीच संस्था सांगते. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून कोळशावर होते. धूर चंद्रपूरसारख्या गावांच्या वाट्याला येतो.

अब्बा भट्टी पेटवण्याआधी उद्या किती पाव खपतील, याचा हिशेब करीत. तो हिशेब आपणही करायला हवा.