वणवा पडीक जमिनीतून येतो

आज वणव्याबद्दल बोलायचं आहे, पण दूरच्या जंगलातल्या नव्हे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीला, काजूच्या बागेला, गोठ्याला लागतो त्या वणव्याबद्दल.

आपल्याकडचा वणवा बहुतेक वेळा गवताचा असतो. पावसाळ्यात सड्यावर कमरेएवढं गवत वाढतं आणि जानेवारी संपेपर्यंत ते वाळून जातं. मग ठिणगी कसलीही चालते. कुणी टाकलेली बिडी, भाजावळ करताना हाताबाहेर गेलेला जाळ, वाऱ्याने एकमेकींना घासणाऱ्या विजेच्या तारा. काही जण मुद्दामही लावतात, जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं म्हणून. राखेने थोडे दिवस हिरवं दिसतं खरं, पण उतारावरची ती राख पहिल्याच मोठ्या पावसात वाहून जाते आणि उघडी पडलेली मातीही तिच्यामागे जाते.

आग चढावर जोरात पळते, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. कारण साधं आहे. ज्वाळा वरच्या गवताकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे ते आधीच तापून सुकतं. चढ दहा अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा अभ्यासकांचा ढोबळ आडाखा आहे. त्यात आपल्याकडे दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो, म्हणजे तोही डोंगराच्याच दिशेने! दुपारी पायथ्याला लागलेली आग वरच्या बागेत किती लवकर पोचेल, तुम्हीच बघा.

आता मुद्द्याचं. आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी काजूची एक बाग होरपळली. मालकाने आपल्या हद्दीतलं गवत काढलेलं होतं, पण शेजारच्या पडीक तुकड्यातलं कुणीच काढलं नव्हतं. आग तिथून आली. झाडं उभी होती, म्हणून आम्हाला वाटलं वाचली. पण सालीखालचा ओला थर भाजून निघाला होता. पुढच्या हंगामात निम्म्या झाडांना मोहोरच नाही.

तो तुकडा कुणाचा? मुंबईला असलेल्या पाच-सहा हिस्सेदारांचा. सातबारा सामाईक, त्यामुळे गवत कोण कापणार हे ठरत नाही. मंडळी गणपतीला येतात तेव्हा गवत हिरवं असतं, मे महिन्यात येतात तेव्हा जळून गेलेलं असतं. मधलं वाळलेलं गवत ते बघतच नाहीत. शेजाऱ्याला कापायला द्यावं, तर उद्या तो कूळ म्हणून नाव लावेल ही भीती. ही भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही, कोकणात ती कशातून आली हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आम्ही सुचवतो की गणपतीत सगळे घरी असतानाच ठरवा. फक्त या हंगामाचं गवत कापायला दिलं, असं साध्या कागदावर लिहा आणि दोन्हीकडच्यांनी सह्या करा. शेजाऱ्याला वैरण मिळते, तुमचा तुकडा मोकळा होतो.

डिसेंबरात गवत अर्धवट वाळलेलं असतं, तेव्हा हद्दीवर जाळपट्टा काढायचा. आम्ही दहा-बारा फूट रुंद ठेवतो. शक्यतो कापून, पातेरा ओढून काढायचा. जाळायचंच असेल तर आधी दोन्ही कडा कापून घ्यायच्या आणि मधलं गवत पहाटे, दव असताना जाळायचं. माणसं आणि पाणी हाताशी हवंच. शेजारी राखीव जंगल असेल तर वनरक्षकाला विचारल्याशिवाय काडी ओढू नका. तिथे आग लावणं 1927 च्या वन कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे.

घराचं म्हणाल तर पेंढ्याची उडवी गोठ्याला खेटून नको. कौलांवरचा आणि पन्हळीतला पातेरा शिमग्याआधी काढा, उडती ठिणगी आधी तिथेच धरते.

आग लागलीच तर आंब्यावर फवारणी करायचा पंप आणि दोनशे लिटरचं बॅरल टेम्पोत टाकून न्या. गवताच्या आगीला ते पुरतं. नसेल तर ओले टहाळे. अंगात सुती कपडे, नायलॉन नाही. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहू नका, कडेने जळून काळ्या झालेल्या भागातून झोडपत पुढे जा. जंगलाची आग असेल तर वनविभागाचा 1926 क्रमांक पाठ असू द्या.

एका ताईंनी विचारलंय, हल्ली उपग्रहावरून आग कळते ना, मग एवढी धावपळ कशाला? कळते. भारतीय वन सर्वेक्षण तसे इशारे मोबाईलवर पाठवतं, नाव नोंदवून ठेवा. पण उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो आणि त्याच्या चित्रातला एक ठिपका शेकडो मीटरचा असतो. गवताची आग तासाभरात बाग ओलांडते. ती आधी दिसते गुरं चारायला सड्यावर गेलेल्या माणसाला. त्याच्याकडे वाडीतल्या चार जणांचे नंबर आहेत का, एवढं आज संध्याकाळी विचारून घ्या.