संग्राम व दुरुस्तअंदाज : अकबराच्या दोन शिकारी बंदुका

मोगल बादशहांच्या शस्त्रास्त्रांविषयीं आजवर जें लेखन झालें त्यांत तोफांना मोठा मान मिळाला, तरवारींना त्याहूनही मोठा मिळाला. हातबंदुकीच्या वांट्यास मात्र त्या मानानें थोडेंच आलें. त्यांतही शिकारीच्या बंदुकीकडे करमणुकीची वस्तु म्हणून पाहण्याची रीत पडून गेली आहे. प्रस्तुत लेखांत आम्ही अकबर बादशहाच्या खासगींतील 'संग्राम' व 'दुरुस्तअंदाज' या दोन बंदुकांची हकीकत मूळ ग्रंथांच्या आधारें मांडणार आहों, व तिच्या अनुरोधानें एका प्रश्नाचा विचार करणार आहों. ज्याच्या पदरीं हजारों बंदुका होत्या त्या बादशहास एका विशिष्ट नळीचा इतका भरंवसा कां वाटावा? आणि त्या भरंवशास पुरावा म्हणून काय किंमत द्यावी? हस्तलिखितांबरोबर जुनीं शस्त्रें जमविणाऱ्यांस हा दुसरा प्रश्न विशेष जवळचा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहूं. 'बंदूक' हा शब्द अरबी 'बुंदुक' यापासून आला. त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचें कवचीचें फळ. त्यावरून गोटी, व गोटीवरून ती फेंकणारें यंत्र असा अर्थ सरकत गेला. 'दुरुस्तअंदाज' हें नांव फारसी आहे. 'दुरुस्त' म्हणजे सरळ, बिनचूक. 'अंदाज' म्हणजे फेंकणारा. गोलंदाज व बरकंदाज या आपल्या ओळखीच्या शब्दांत हेंच उत्तरपद आहे. तेव्हां 'दुरुस्तअंदाज' म्हणजे नीट मारणारी. 'संग्राम' हें नांव मात्र शुद्ध संस्कृत आहे. एकाच शस्त्रागारांत एका बंदुकीस फारसी गुणवाचक नांव व दुसरीस संस्कृत वीरनाम असावें, यावरून त्या दरबाराची भाषा कशी घडत होती याचीही कल्पना येते. आपण मराठींत 'शिस्त धरणें' म्हणतों तोही शब्द फारसींतून आलेला असून त्याचा संबंध धनुर्धराच्या अंगठ्याशीं आहे. 'नेम धरणें' हा त्याचा जोडीदार घरचा. नेमबाजीची आपली परिभाषा अशी दोन्हीं घरचीं भांडीं वापरून सजलेली आहे.

अचूक वेधाचें कौतुक बंदुकीहून फार जुनें आहे. कौटिल्यानें राजाच्या व्यसनांचा विचार करितांना द्यूतापेक्षां मृगया बरी ठरविली, व तिच्या गुणांत चल आणि स्थिर अशा दोन्ही प्रकारच्या देहांवर नेम साधण्याचा परिचय हा एक गुण गणला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत सेनापति मृगयेची स्तुति करितो, तेथेंही हलत्या लक्ष्याचा वेध हाच धनुर्धराचा उत्कर्ष मानिला आहे. शुक्रनीतींत तर 'लघुनालिक' नांवाच्या यंत्राचें वर्णन असून नळीच्या मुळाशीं व टोकाशीं लक्ष्य साधण्यासाठीं तिळाएवढे बिंदु असावेत असें सांगितलें आहे. परंतु या वर्णनावरून प्राचीन भारतांत बंदूक होती असें म्हणतां येत नाहीं. त्याच वर्णनांत यंत्राच्या आघातानें दगडापासून अग्नि निघतो असें म्हटलें आहे. ही चकमकीची बंदूक झाली, आणि चकमकीची बंदूक तोड्याच्या बंदुकीनंतरची आहे. गुस्टाव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं या ग्रंथाच्या आधारें बरेंच मोठें अनुमान उभारलें होतें. पुढें लल्लनजी गोपाल यांनीं १९६२ सालीं हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचें प्रतिपादन केलें. ग्रंथाचा काल कांहींही ठरो, त्यांतील बंदूक अर्वाचीन आहे एवढें निश्चित.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. अकबराच्या काळची बंदूक सामान्यतः तोड्याची. नळीच्या मुळाशीं बाजूस एक बारीक छिद्र असे, त्यास कान म्हणत. कानाशेजारच्या वाटींत रंजक घालीत. चाप दाबला कीं जळता तोडा धरणारी चिमटी वाटींत उतरे, रंजक पेटे व कानांतून आंतील दारूस अग्नि लागे. चाप दाबणें व बार उडणें यांत जो क्षण जाई, तेवढा वेळ मारणाराचा हात निश्चल राहिला तरच नेम लागे. शिवाय नळी आंतून बहुधा गुळगुळीत असे, आणि गोळी सहज उतरावी म्हणून ती नळीच्या पोकळीहून किंचित् लहान ठेवावी लागे. अशी गोळी आंत भिंतींस आपटत पुढें जाते व शेवटचा स्पर्श जिकडे होईल त्याप्रमाणें तिची दिशा थोडी बदलते.

यावरून एक गोष्ट उघड होते. नळी हातानें घडविलेली, म्हणून एक नळी दुसरीसारखी नाहीं. एकीस दारूचें जें माप मानवेल तें दुसरीस मानवणार नाहीं. एक किंचित् डावीकडे ओढील, दुसरी वर फेंकील. हे स्वभाव कोणत्याही ग्रंथांत सांपडत नाहींत; ते शेंकडों बार काढूनच कळतात. म्हणून जी बंदूक सरळ नळीची निघाली, जिचें माप ठरलें व जिची खोड हातास समजली, ती सोडून दुसरी घेणें म्हणजे पुनः पहिल्या धड्यापासून आरंभ करणें होय. घोड्यास नांव असतें तसें बंदुकीस नांव कां पडलें याचें कारण येथें आहे. ज्या वस्तूस स्वतंत्र स्वभाव आहे तिलाच माणूस विशेषनाम देतो.

आईन-ई-अकबरींत अबुल फजलनें बंदुकांवर स्वतंत्र प्रकरणें लिहिलीं आहेत. पूर्वी लोखंडाचा पत्रा ठोकून त्याच्या कडा जोडीत व त्यामुळें नळ्या फुटून अपघात होत. बादशहाच्या नव्या पद्धतींत पत्रा तिरपा गुंडाळून त्याच्या घड्या एकमेकींवर चढवीत व हळूहळू तापवून सांधीत. दुसरी रीत अशी कीं, लोखंडाच्या दंडगोल तुकड्यांस तापलेले असतांना सळईनें आरपार भोंक पाडीत व असे तीन चार तुकडे जोडून एक नळी करीत. मोठी बंदूक सुमारें दोन गज लांबीची असे. सव्वा गजाची लहान बंदूक 'दमानक' या नांवानें ओळखली जाई. नळीची परीक्षा घेतांना तिचा तिसरा हिस्सा दारूनें भरून बार काढीत. उस्ताद कबीर व हुसेन हे या कामांतील नामांकित कारागीर होते. नळ्या साफ करण्यासाठीं एक चाक केलें होतें. तें बैल किंवा गाय फिरवी व एकाच वेळीं सोळा नळ्या स्वच्छ होत.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचें वजन, तें लोखंड कोठून आणलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, घडविल्याचें ठिकाण, तारीख व अनुक्रमांक हीं कोरीत. हजारोंतून निवडलेल्या १०५ बंदुका बादशहाच्या खास वापराच्या होत्या. त्यांपैकीं १२ महिन्यांच्या, ३० आठवड्यांच्या, ३२ दिवसांच्या व ३१ कोतल. महिन्याची बंदूक आपली पाळी संपली कीं अकरा महिन्यांनीं पुनः हातीं येई. कोणत्या बंदुकीनें काय मारिलें याची कारकून नोंद ठेवीत. त्या नोंदीवरूनच अबुल फजल सांगतो कीं 'संग्राम' बंदुकीनें १,०१९ जनावरें मारलीं गेलीं, ती खास बंदुकांत पहिली आहे व फरवर्दीन म्हणजे वर्षाच्या पहिल्या महिन्यांत ती वापरली जाते.

हा १,०१९ चा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. स्तुतिपाठक हजार म्हणतो किंवा लाख म्हणतो. वरचे एकोणीस फक्त वहीच सांगते. याच्या शेजारीं जहांगिराचें विधान ठेवून पाहावें. बापाच्या गुणांचें वर्णन करितांना तो लिहितो कीं त्याच्या खास बंदुकांत 'दुरुस्तअंदाज' नांवाची एक होती व तिनें त्यानें तीन चार हजार पशुपक्षी मारिले. हा आंकडा मुलाच्या आठवणींतला आहे. तो खोटा म्हणण्याचें कारण नाहीं, परंतु पहिल्याच्या तोडीचा पुरावा तो नव्हे. कांहीं लेखक या दोन्ही बंदुका एकच मानतात. नांवें, संख्या व ग्रंथ भिन्न आहेत; तरी त्या एकच होत्या कीं नव्हत्या हें निश्चयानें सांगतां येत नाहीं.

संग्राम बंदुकीचें नांव इतिहासांत कायम झालें तें मात्र शिकारीनें नव्हे. १५६७ च्या ऑक्टोबरांत अकबरानें चितोडास वेढा घातला. १५६८ च्या फेब्रुवारींत एका रात्रीं तटाच्या खिंडाराची दुरुस्ती चालू असतां हजारमेखी चिलखत घातलेला एक पुरुष देखरेख करितांना दिसला. तो कोण हें बादशहास ठाऊक नव्हतें. त्यानें संग्राम उचलून बार काढला. अकबरनाम्यांत असें आहे कीं, नंतर तो शुजाअतखान व राजा भगवंतदास यांस म्हणाला कीं श्वापदास गोळी लागल्यावर हातास जो हलकेपणा व आनंद वाटतो तसा आतां वाटला, त्यावरून गोळी त्या पुरुषास लागली असावी. थोड्या वेळानें ती जागा ओस पडल्याची खबर आली. मग गडावर ठिकठिकाणीं ज्वाळा दिसूं लागल्या, व हा जोहार आहे असें भगवंतदासानें सांगितलें. तो पुरुष किल्ल्याचा सरदार जयमल राठोड होता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांत अकबरनाम्याची जी सचित्र प्रत आहे तींत या प्रसंगाचें चित्र आहे.

राजपूत परंपरा मात्र निराळें सांगते. तिच्या मतें गोळी जयमलाच्या पायास लागली. दुसऱ्या दिवशीं कल्ला राठोडाच्या खांद्यावर बसून तो लढला व लढतां लढतां पडला. दोन्ही बाजूंस आपापला अभिमान आहे, म्हणून येथें पुराव्याची वांटणी बारकाईनें केली पाहिजे. बादशहाच्या तोंडचे म्हणून जे शब्द दिले आहेत ते गोळी लागल्याचे आहेत. मृत्यूचें विधान इतिहासकाराचें आहे. हातास बसलेला विश्वास गोळी लागली कीं नाहीं एवढेंच सांगूं शकतो. कोठें लागली व पुढें काय झालें हें सांगण्याची शक्ति त्यांत नाहीं. गोळी लागल्यापुरते दोन्ही पक्ष एकमत आहेत, आणि इतिहासानें निर्विवाद म्हणून तेवढेंच घ्यावें. किल्ला पडल्यावर सुमारें ३०,००० माणसें मारलीं गेलीं असें खुद्द अबुल फजल लिहितो. त्या गर्दींतून काल्पीचे सुमारें १,००० बंदूकधारी आपल्याच बायकामुलांस कैद्यांसारखें बांधून, विजयी सैनिक असल्याची बतावणी करीत बाहेर निसटले. अचूक नेमाची विद्या तटाच्या दोन्ही अंगांस होती हें विसरतां कामा नये.

मारणाराचा हात व बंदूक यांचा संबंध जहांगिराच्या ग्रंथांत आणखी एका ठिकाणीं दिसतो. १६१७ सालीं नूरजहाननें हत्तीवरील अंबारींतून सहा गोळ्यांत चार वाघ मारिले. जहांगीर तेथें मुद्दाम सांगतो कीं वाघाचा वास येतांच हत्ती अस्वस्थ होतो व अंबारींतून नेम साधणें फार कठीण. नेमबाजींत आपल्या खालोखाल असलेला मिर्झा रुस्तुम देखील हत्तीवरून तीन चार वेळां चुकला. याच बादशहानें आपल्या बाराव्या वर्षापासून राज्याच्या अकराव्या वर्षाअखेरपर्यंतच्या शिकारीचा हिशेब करविला. एकंदर २८,५३२ जनावरें. त्यांपैकीं स्वहस्तें मारिलेलीं १७,१६७. यांत चतुष्पाद ३,२०३, त्यांत वाघ ८६, पक्षी १३,९६४. चतुष्पाद व पक्षी यांची बेरीज बरोबर जुळते, हीही वहीचीच खूण. भारतांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघाची शिकार बंद झाली. हे आंकडे आज पराक्रमाच्या दृष्टीनें वाचवत नाहींत. पण कोणत्या काळीं कोणतीं जनावरें किती विपुल होतीं याचा तो एक दुर्मिळ लेखी पुरावा आहे, आणि तो बंदुकीच्या हिशेबामुळें टिकला.

आतां संग्राहकांस दोन शब्द. जुनी तोड्याची बंदूक हातीं आली कीं ती घासून लखलखीत करण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. वर सांगितलेले कारागिराचें नांव, ठिकाण, तारीख, वजन, अनुक्रमांक हे तपशील कानाजवळ किंवा नळीच्या मुळाशीं पुसट अक्षरांत असूं शकतात. घासतांना गंजाबरोबर तेही जातात. प्रथम अक्षरांचे ठसे घ्यावे, वजन व पोकळीचें माप लिहून ठेवावें, मग तेलाचा हात लावावा. कोणी अमुक बादशहाची किंवा अमुक सरदाराची म्हणून बंदूक दाखविली तर नांवावर जाऊं नये. अंगावरचे अंक आधीं पाहावे. आपल्याकडील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत शिलेखान्याच्या याद्या सांपडतात. पत्रव्यवहार व सनदा उचलून अशा याद्या रद्दी म्हणून बाजूस टाकण्याची चाल घातक आहे. वस्तूवरील खूण व यादींतील ओळ एकमेकींस मिळाली म्हणजेच वस्तूची ओळख पटते. एकीवांचून दुसरी अर्धीच राहते.

सारांश, ज्या बंदुकीवर अकबराचा भरंवसा होता तिच्यामागें तीन गोष्टी होत्या : काळजीपूर्वक घडविलेली नळी, वर्षानुवर्षें सरावलेला हात, आणि प्रत्येक बार लिहून ठेवणारा कारकून. नळी लोहारानें दिली, हात बादशहाचा होता. परंतु आज चारशेंहून अधिक वर्षांनीं संग्राम बंदुकीविषयीं आपण निश्चयानें कांहीं बोलूं शकतों तें त्या अनामिक कारकुनाच्या वहीमुळें.