आईच्या वेळापत्रकातला अर्धा तास

मुलामुलींनो, आज एक गंमत करा. आई जरा निवांत बसलेली असेल तेव्हा तिला विचारा, "आई, तू शेवटची कधी पळालीस गं?" एस.टी. चुकेल म्हणून धावली, दूध उतू जातंय म्हणून धावली, ते धरायचं नाही बरं का! खेळायला म्हणून, किंवा नुसतं पळावंसं वाटलं म्हणून कधी पळालीस, ते विचारायचं.

काही आया हसतील. काही जणी "काहीतरीच काय!" म्हणून उठून जातील. पण थोडं आठवायला लावलंत, तर बऱ्याच जणींचं उत्तर एकाच वयापाशी येऊन थांबेल. सहावी-सातवी. त्यानंतर लंगडी सुटली, खो-खो सुटला, दोरीवरच्या उड्या सुटल्या. खेळ बंद कर, असं घरात कुणी स्पष्ट सांगितलंच असेल असंही नाही. "आता मोठी झालीस" एवढं एक वाक्य पुरतं.

ही जुन्या काळची गोष्ट आहे असं समजू नका. मी चौथीला शिकवते आणि आमची शाळा सातवीपर्यंत आहे. माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत पटांगणावर मुलग्यांच्या बरोबरीनं धावतात. पकडापकडीत तर त्यांचाच हात वर. त्याच मुली सातवीत गेल्या की पटांगणाच्या कडेला, लिंबाच्या पारावर गप्पा मारत बसलेल्या दिसतात. कारणं विचारली तर एकेक समजत जातं. गणवेशात धावताना अवघडल्यासारखं होतं. मुलगे हसतात. घरी गेल्यावर धाकट्या भावाला सांभाळायचं असतं. पाळी सुरू झालेली असते आणि त्या दिवसांत खेळू नये असं कुणीतरी सांगितलेलं असतं. (पोटात दुखत असेल, थकवा असेल तर जरूर विश्रांती घ्यावी. पण त्रास नसेल तर खेळायला काहीच हरकत नाही. खेळाडू मुली त्या दिवसांतही सराव करतात, सामनेही खेळतात.)

आणि नेमकं हेच वय महत्त्वाचं असतं. का, ते सांगते.

आपली हाडं म्हणजे वाळलेली लाकडं नव्हेत. ती जिवंत असतात. रोज थोडी झिजतात, रोज थोडी नव्यानं भरली जातात. तुम्ही उडी मारता, पाय जमिनीवर आदळतात, तेव्हा हाडांवर भार पडतो. हाडातल्या पेशींना तो भार जाणवतो आणि त्या हाड अधिक मजबूत करायच्या कामाला लागतात. ही भरती सर्वांत जोरात चालते ती वाढीच्या वयात. पंचविशी-तिशीपर्यंत जेवढी भर पडायची तेवढी पडते, पुढे वाढवणं अवघड जातं. बाईची पाळी पन्नाशीच्या आसपास कायमची थांबली की हाडं भराभर झिजू लागतात. म्हणजे एखादी आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तर त्यात तिच्या म्हातारपणाइतकाच तिच्या बाराव्या-तेराव्या वर्षाचाही वाटा असू शकतो!

भार पडला नाही तर काय होतं, हे बघायचं असेल तर थेट अवकाशात जावं लागेल. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाश स्थानकात माणसं तरंगतात. पायांवर वजनच येत नाही. तिथे अंतराळवीरांच्या कमरेची आणि पायांची हाडं महिन्याला सुमारे एक टक्का या वेगानं विरळ होऊ शकतात. म्हणून तिथे प्रत्येकाला रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. भारतीय वंशाच्या सुनीता विल्यम्स यांनी तर १६ एप्रिल २००७ रोजी, खाली बॉस्टन शहरात मॅरेथॉन चालू असताना, वर स्थानकातल्या सरकत्या पट्ट्यावर पूर्ण मॅरेथॉन धावून दाखवली. ४२ किलोमीटर! तरंगून जाऊ नये म्हणून स्वतःला पट्ट्यांनी यंत्राशी जखडून घेऊन.

मला यातली मॅरेथॉनपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त आवडते. अवकाश स्थानकात कामं काय थोडी असतात? प्रयोग, दुरुस्त्या, साफसफाई, सगळं असतं. तरीही व्यायामाचे ते दोन तास दिवसाच्या वेळापत्रकात लिहिलेले असतात. "कामं उरकली आणि वेळ मिळाला तर करा" असं तिथे कुणी म्हणत नाही.

आता आपल्या घरी या. एकदा मी वर्गाला "आईचा दिवस" असं वेळापत्रक लिहून आणायला सांगितलं. मुलांनी पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या दुधाच्या विरजणापर्यंत सगळं बारकाईनं लिहिलं. एकानं लिहिलं होतं, "दुपारी ३ ते ४ आराम. आई वाटाणे सोलत टीव्ही बघते." कुणाच्याही वहीत "व्यायाम" हा शब्द नव्हता. बाबांचा दिवस लिहायला सांगितला असता तर निदान दोन-चार वह्यांत "सकाळी फिरायला जातात" असं आलं असतं, असं मला उगीच वाटलं.

पालकसभेत हा विषय काढला, तर एका मुलाचे वडील म्हणाले, "बाई, ती दिवसभर घरात राबतेच की. तिला आणखी वेगळा व्यायाम कशाला?"

प्रश्न वाजवी आहे, म्हणून नीट उत्तर देते. राबणं शरीराच्या हिशेबात धरलं जातं. विहिरीचं पाणी शेंदणं, धुणं आपटणं, शेतात निंदणी-खुरपणी करणं हे कष्टच आहेत. दिवसभर शेतावर वाकून आलेल्या आईला "जरा फिरायला जा" म्हणणं म्हणजे तिची चेष्टा आहे. तिला हवं आहे पोटभर सकस जेवण, पाठ ताणून मोकळी करणं आणि वेळेवर झोप. पण गावातल्या, शहरातल्या कितीतरी घरांत आता नळ आले, मिक्सर आला, गॅसचा ओटा आला. काम संपलं नाही, फक्त त्याची तऱ्हा बदलली. आई तासन्‌तास एका जागी उभी असते, मान खाली, खांदे पुढे. पाय दुखतात, कंबर दुखते, पण छाती एकदाही धडधडत नाही. दमणूक होते, व्यायाम होत नाही!

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२४ साली आकडे जाहीर केले. त्यांनुसार २०२२ मध्ये भारतातल्या दर १०० प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ५७ जणींची हालचाल पुरेशी होत नव्हती. पुरुषांमध्ये हा आकडा ४२ होता. पुरेशी म्हणजे किती? याच संघटनेनं २०२० साली सांगितलेलं माप असं: मोठ्या माणसांनी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल करावी आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. तुम्हा मुलांसाठी मात्र रोजचे सरासरी ६० मिनिटं, म्हणजे तुमचा अभ्यास आईपेक्षा जास्त आहे! "मध्यम" ओळखायची सोपी खूण आहे. चालता चालता बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, असा वेग. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास. तो सलग मिळाला नाही तर दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात.

आपल्याकडच्या बायकांना हे काही अगदीच नवं नाही. श्रावणातली मंगळागौर आठवा. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा! फुगडीत दोघींचे पाय जवळ, हात ताठ, अंग मागे झुकलेलं, आणि मग भिंगरी. मांड्या, खांदे, दम, सगळ्याची परीक्षा. कोंबडा घालून दाखवा बरं चार उड्या, म्हणजे कळेल. पुढे आश्विनात भोंडला येतो. पण शरीराला श्रावण-आश्विन कळत नाही. त्याला दर आठवड्याला खाऊ लागतो. पुण्या-मुंबईत मंगळागौरीचे खेळ बसवणारे बायकांचे गट आहेत. कार्यक्रमाआधी त्या आठवडेच्या आठवडे सराव करतात. त्या सरावाचं मला फार कौतुक वाटतं, कार्यक्रमापेक्षाही.

घराबाहेर पडणं जमतच नसेल तर सूर्यनमस्कार आहेत. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी आयुष्यभर त्यांचा प्रसार केला, आपल्या संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले. एक सतरंजी आणि पाय पसरण्याइतकी जागा, बाकी साहित्य काही नाही. पहिल्या दिवशी दोन-तीन पुरेत. रक्तदाब, गुडघेदुखी किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

खरी अडचण जागेची नसते, परवानगीची असते. एक आई मला म्हणाली, "बाई, फिरायला जाते म्हटलं की घरातले विचारतात, घरी काम कमी पडलं का?" तिनं आणि शेजारच्या दोघींनी मग आमच्या शाळेचं पटांगण धरलं. सकाळी शाळा भरायच्या आत. सुरुवातीला साडी आणि चप्पल, दर फेरीला पदर सावरणं. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. महिन्याभरात पायात कॅनव्हासचे बूट आले आणि तिघींच्या सात जणी झाल्या. आता त्यांच्यापैकी दोघींच्या सातवीतल्या मुलीही येतात. त्या चालत नाहीत, धावतात. पारावर बसलेल्या मी त्यांना हल्ली पाहिलेल्या नाहीत.

तेव्हा बालमित्रांनो, एक मोठा कागद घ्या. सगळ्या घराचं वेळापत्रक लिहा. आईच्या रकान्यात पाच दिवस अर्धा तास आधी लिहून टाका आणि मग त्या अर्ध्या तासातली कामं वाटून घ्या. अंथरुणांच्या घड्या तुम्ही. पाण्याच्या बाटल्या ताई-दादा. कुकर बाबा लावतील. शिट्ट्या मोजायला त्यांना येतातच. याला "आईला मदत" म्हणू नका हं, घर काय तिच्या एकटीचं आहे? पालकांनो, हा कागद आठवडाभर तरी भिंतीवर राहू द्या. आणि रविवारी आईचा रकाना कोरा दिसला तर तिला रागावण्याआधी बाकीच्यांचे रकाने तपासा.

बाजारात गेलात तर उड्यांची दोरी आणा. माप घ्यायची रीत अशी: दोरीच्या मधोमध पाय ठेवून उभं राहायचं, दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की माप बरोबर. तुमच्या मापाची दोरी आईला आखूड पडेल, म्हणून दोन घ्या.