एक शहर, अनेक पेपर: वर्तमानपत्र ‘डेटा’ म्हणून कसं वाचायचं?

नवी मुंबईत नवीन आलेला माणूस स्टॉलवरून एक पेपर घेतो आणि त्याचं भागतं. संशोधकाचं मात्र एका पेपरवर भागत नाही. का, ते बघूया.

मुंबई परिसरातली वर्तमानपत्रं आधीपासूनच अनेक भाषांतली आहेत. १८२२ साली सुरू झालेलं गुजराती ‘मुंबई समाचार’ आजही निघतं. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ आलं, तेही मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. १९३८ साली उर्दू ‘इन्किलाब’ सुरू झालं. प्रत्येकाचा वाचक वेगळा, म्हणून बातम्यांची निवडही वेगळी.

आपल्याच शहराचं उदाहरण घ्या. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी इथल्या गावांची जमीन घेतली गेली. पुढे कुटुंबं वाढली, तशी गावठाणालगत घरं उभी राहिली. त्याच घराला कुठे ‘अनधिकृत बांधकाम’ म्हणतात, तर प्रकल्पग्रस्त ‘गरजेपोटी बांधलेलं घर’ म्हणतात. ई-पेपरमध्ये तुम्ही फक्त पहिला शब्द शोधलात, तर एक अख्खी बाजू तुमच्या डेटात येणारच नाही. आणि निष्कर्ष मात्र तुम्ही ‘शहराचं मत’ म्हणून लिहाल!

म्हणून तीन गोष्टी सांभाळा.

१. आवृत्ती नोंदवा. मुख्य अंक आणि स्थानिक पुरवणी वेगळी धरा. एखादी बातमी पुरवणीत असेल, तर बाकी महाराष्ट्राने ती वाचलीच नसण्याची शक्यता असते. अंकातली मुद्रक-प्रकाशकाची ओळ बघा. पेपर कुठे छापला, कोणी काढला ते तिथे कळतं.

२. नमुना नीट निवडा. सलग सात दिवसांचे अंक घेतले आणि त्याच आठवड्यात पूर आला, तर सगळा डेटा पुराचाच होतो. त्याऐवजी ठरवलेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या सोमवारांतून एक सोमवार चिठ्ठी टाकून निवडा, मग तसाच मंगळवार, असे सात वार. याला ‘रचित आठवडा’ म्हणता येईल. रविवारचा अंक इतर दिवसांपेक्षा वेगळा असतो, तो फरकही यात येतो.

३. बातमी नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असं समजू नका. ती त्या पेपरने छापली नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

सरावासाठी एकच घटना दोन भाषांतल्या पेपरांत वाचा. मथळा, पान क्रमांक आणि बातमीत कोणाकोणाचं म्हणणं दिलंय, एवढंच तक्त्यात मांडा. संशोधनाचा प्रश्न बऱ्याचदा त्या तक्त्यातल्या रिकाम्या रकान्यात सापडतो.