शिक्का आहे, म्हणून अस्सल?

जुने बुद्धिबळ संच ऑनलाइन शोधणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: राजाच्या तळावर ‘जेक्स लंडन’ असा शिक्का आहे, म्हणजे माल अस्सल. हा समज इतका घट्ट बसला आहे की फोटोत शिक्का दिसला की लोक पुढचा एकही प्रश्न न विचारता मोठी रक्कम पाठवून मोकळे होतात. संच नकली बनवायचा तर त्यातले सर्वांत सोपे काम शिक्क्याचे आहे. घोडा कोरायला वर्षानुवर्षांचा हात लागतो. दोन शब्दांचा ठसा कोणीही करून देतो.

या शिक्क्याला महत्त्व आले ते १८४९ मध्ये. त्या वर्षी १ मार्चला नॅथॅनियल कुक यांनी इंग्लंडमध्ये मोहऱ्यांच्या एका नव्या रचनेची नोंदणी केली. सप्टेंबरात लंडनच्या जेक्स कंपनीने तो संच बाजारात आणला. त्या काळचे आघाडीचे खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी त्याचा पुरस्कार केला आणि नावही त्यांचेच पडले. कंपनी राजावर आपले नाव उमटवी, आणि राजाकडच्या घोड्यावर व हत्तीवर छोटासा मुकुट. तेव्हाच्या डावलेखनात घोडा राजाकडचा की वजिराकडचा हे लिहावे लागे, त्यासाठी ही खूण उपयोगी पडे. पण ही कंपनी आजही चालू आहे आणि आपल्या नव्या संचांवरही नाव घालते. म्हणजे शिक्का खरा आणि संच गेल्या वर्षीचा, असेही असू शकते!

दुसरे ठिकाण आपल्याच देशातले, अमृतसर. जगभर विकल्या जाणाऱ्या लाकडी संचांचा मोठा वाटा तिथल्या कारागिरांच्या हातून येतो. १८४९ च्या संचाच्या प्रतिकृती तिथे फार सुरेख बनतात आणि प्रतिकृती म्हणूनच विकल्या जातात. बॉक्सवूडला रंग देऊन जुनाट केलेला प्रकारही उघडपणे त्याच नावाने मिळतो. यात कारागिराचा काडीचाही दोष नाही. लबाडी पुढच्या हातात होते. तोच संच कुठल्यातरी जुन्या पेटीत घालून ‘पणजोबांच्या वेळचा’ म्हणून कितीतरी पट किमतीला टाकला जातो. त्या कारागिराच्या मेहनतीवर कोणीतरी तिसराच पैसे उकळतो, याचा मला फसवणुकीइतकाच राग येतो.

मग पाहायचे काय? लाकूड. ते शंभर-दीडशे वर्षे सुकत जाते आणि सगळ्या दिशांना सारखे आकसत नाही. त्यामुळे कातताना नेमका गोल असलेला तळ कालांतराने किंचित लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांना व्यास मोजून पाठवा, असे विक्रेत्याला सांगता येते. एबनीच्या मोहऱ्यांना बारीक चिरा पडतात. बोटे लागतात ते उंचवटे झिजून गुळगुळीत होतात, खाचांत मळ बसतो. डोक्यापासून खाचांच्या तळापर्यंत रंग एकसारखा तपकिरी असेल, तर तो वयाने आलेला नाही, कुंचल्याने किंवा बुडवून आलेला आहे. जेक्सचे वजनी संच शिसे भरून केलेले असत. तळाला लोहचुंबक ओढला गेला तर आत लोखंड आहे आणि जेक्सचा दावा तिथेच संपतो. ओढला गेला नाही म्हणून मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण शिसे नव्या संचातही भरता येते. तळाची हिरवी बनात नवी असेल तर बिचकू नका. ती झिजते आणि बदलली जाते.

‘स्टाँटन’ या नावावरूनही वय कळत नाही. आजच्या प्रत्येक मोठ्या स्पर्धेत त्याच घाटाचे मोहरे असतात. ‘हाताने कोरलेले’ म्हणजे जुने नव्हे, अमृतसरला घोडे आजही हातानेच कोरतात. पेटीतले लेबल छापता येते. विक्रेत्याने स्वतःच दिलेल्या प्रमाणपत्राला त्याच्या शब्दाइतकीच किंमत.

‘राजवाड्यातला हस्तिदंती संच’ हा प्रकार मात्र एका ओळीत सोडण्यासारखा नाही. असे म्हणून विकले जाणारे बरेच संच उंटाच्या हाडाचे असतात. भिंगातून हाडावर बारीक काळपट ठिपके आणि रेघा दिसतात; हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी असते. आणि तो खरोखर हस्तिदंत निघाला तर अडचण आणखी मोठी. वन्यजीव संरक्षण कायद्यातील १९८६ आणि १९९१ च्या दुरुस्त्यांनी भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद केला, आधी भारतीय आणि मग आयात केलेल्या आफ्रिकन दाताचाही. ‘पण हा जुना आहे’ ही सबब पुढे करून व्यवहार करू नका. ब्रिटनमध्येही २०१८ चा हस्तिदंत कायदा जून २०२२ पासून लागू आहे आणि त्यातल्या सवलती मोजक्याच आहेत.

पैसे देण्याआधी चारही घोड्यांचा एकत्र फोटो, बनात दिसेल असे सगळ्या मोहऱ्यांचे तळ आणि मुकुटाच्या खुणेचा जवळून घेतलेला फोटो मागा. बिलावर निर्माता आणि अंदाजे दशक लिहून घ्या, दावा खोटा ठरल्यास पैसे परत मिळतील हेही लिहून घ्या. यातल्या एकाही गोष्टीला विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर तो संच घेऊ नका.