कढई एक, पंगत एक

काशीहून परतलेल्या माणसाला मणिकर्णिका घाटाबद्दल विचारा. तो अहोरात्र जळणाऱ्या चितांबद्दल सांगेल, घाटावर रचलेल्या लाकडांच्या उंच राशींबद्दल सांगेल. त्या घाटाच्या पाठीमागे अरुंद गल्ल्यांत माणसे राहतात, मुले शाळेतून येतात आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला घरोघर रात्रीच्या जेवणाची तयारी सुरू होते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

हा भाग आपल्याला परका नाही. मणिकर्णिकेचा घाट अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बांधून काढला. 1780 मध्ये विश्वनाथाचे मंदिर उभारले तेही त्यांनीच. तिथून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेला निघालात की लगेच बायजाबाई शिंद्यांनी 1830 च्या सुमारास बांधलेला शिंदे घाट, पुढे नागपूरकरांचा भोसले घाट, मग पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा घाट लागतात. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाटाच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. झाशीच्या राणीचे माहेरचे नाव मणिकर्णिका होते. काशीत जन्मलेल्या तांब्यांच्या मुलीला ते नाव मिळाले यात नवल नाही.

पण आज आपल्याला बोलायचे आहे ते जेवणाबद्दल. बनारसमध्ये हिवाळ्यात घरोघर होणारा ‘चूडा-मटर’ हा पदार्थ मराठी गृहिणीने पाहिला, तर ती म्हणेल, ‘अगं बाई, हे तर आपले पोहे!’ चूडा म्हणजे पोहेच. फरक आहे तो फोडणीत. त्यात मोहरी नाही, हळद नाही, कांदाही नाही. साजूक तूप, जिरे, आले, कोवळे मटार आणि शेवटी गरम मसाला. आपण पोहे नाश्त्याला करतो आणि चार वाजता पाहुणे आले की पुढे ठेवतो. रात्री जेवायला पोहे म्हटले, की घरातल्या एखाद्याचा तरी चेहरा उतरतो. खरे तर भरपूर मटार, थोडे पनीर आणि सोबत वाटीभर दही असले, तर चौघांचे पोट व्यवस्थित भरते.

नोकरीवरून सात वाजता घरी आलेल्या बाईला ‘झटपट काहीतरी तव्यावरचे कर’ असे सहज सांगितले जाते. धिरडी, घावन, डोसे, थालीपिठे. पदार्थ सोपे आहेत हे मान्य. पण ते सोपे कोणासाठी? खाणाऱ्याला गरम गरम पानात पडते. करणारी पाऊण तास गॅसपुढे उभी. सगळ्यांची जेवणे झाली की शेवटचे धिरडे ती उभ्यानेच खाते, तेही उरलेल्या पिठाचे, वेडेवाकडे. ज्या जेवणात करणारीला पानावर बसता येत नाही, त्याला सोपे म्हणायला माझे मन तयार होत नाही.

म्हणून आठवड्यातल्या धावपळीच्या रात्रींसाठी पदार्थ निवडताना एकच कसोटी लावा. तो एका भांड्यात, सगळ्यांसाठी एकदम होतो का? चूडा-मटर या कसोटीला उतरतो. आपले पिठलेही उतरते. एखाद्या घरात मृत्यू झाला की त्या दिवशी तिथे चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठले-भात आणून देतात, ही आपली जुनी रीत आहे. पिठलेच का, याचा विचार केलात तर लक्षात येईल. घरात बेसन नेहमी असते, पंधरा मिनिटांत होते, एका वाटी पिठाला तीन वाट्या पाणी धरले की चौघांचे भागते, आणि ऐनवेळी माणसे वाढली तरी पीठ-पाणी वाढवून निभावता येते. स्मशानातून थकून आलेली सगळी माणसे एकाच वेळी जेवायला बसू शकतात. दुःखाच्या रात्री शेजारी जे आपल्यासाठी करतात, ते साध्या बुधवारी आपणच आपल्यासाठी करायला काय हरकत आहे?

आता चूडा-मटरची कृती. चौघांसाठी दोन वाट्या जाडे पोहे चाळून, धुऊन निथळत ठेवा. त्यांवर तीन-चार चमचे दूध शिंपडा, मीठ आणि चिमूटभर साखर लावा. जाड बुडाच्या कढईत दोन मोठे चमचे तूप तापवून चमचाभर जिरे, इंचभर आल्याचा कीस आणि दोन-तीन हिरव्या मिरच्यांचे तुकडे टाका. त्यावर दोन वाट्या मटार आणि थोडे मीठ घालून झाकण ठेवा. ताजे कोवळे मटार सात-आठ मिनिटांत शिजतात, जून असतील तर पाण्याचा हबका मारा. फ्रीजरमधले मटार चालतात, पण हिवाळ्यातल्या शेंगांची गोडी त्यांना नाही. मटार मऊ झाले की पोहे, अर्धा चमचा गरम मसाला, थोडी मिरपूड आणि आवडत असल्यास बेदाणे घालून हलक्या हाताने ढवळा. मंद आचेवर झाकून तीन-चार मिनिटे वाफ आणा. वरून कोथिंबीर. मटार शिजत असतात तेवढ्यात पाने घेण्याचे काम घरातल्या इतरांना सांगा.

थालीपीठच हवे असेल तर ते तव्याऐवजी कढईत थापा. दोन कढयांना आतून तेल लावून जाडसर थालीपिठे थापा, मधे भोके पाडून तेल सोडा, झाकणे ठेवा आणि दोन्ही शेगड्यांवर एकदम चढवा. कडा सुटल्या की उलटा. झाली की चार-चार तुकडे करून मधे ठेवा. सगळ्यांनी एकदम घ्यावे.

कढई लोखंडी असेल तर लिंबू तीत पिळू नका, पानात वाढल्यावर पिळा. आंबटामुळे पोहे काळपट पडतात. जेवण झाल्यावर पदार्थ कढईत तसाच राहू देऊ नये. ती धुऊन लगेच पुसावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी, म्हणजे गंज धरत नाही. उरलेला चूडा-मटर सकाळपर्यंत कोरडा पडतो. दुधाचा हबका मारून झाकून गरम केलात, की मुलांच्या डब्याला चालतो.