सर्वांत मौल्यवान खेळाडू (पुरस्कार)

'सर्वांत मौल्यवान खेळाडू' हा सांघिक खेळाच्या स्पर्धेत किंवा संपूर्ण हंगामात एका खेळाडूला दिला जाणारा वैयक्तिक सन्मान होय. बास्केटबॉल व बेसबॉल या खेळांत तो 'एमव्हीपी' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. कबड्डी आणि क्रिकेट यांच्या व्यावसायिक लीग स्पर्धांमुळे ही संज्ञा भारतातही रूढ झाली आहे. मराठी क्रीडावृत्तांत सामनावीर, मालिकावीर, सर्वोत्कृष्ट खेळाडू, अष्टपैलू खेळाडू असे शब्द आढळतात. परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. 'सर्वोत्कृष्ट' हा शब्द खेळाडूच्या कौशल्याचा निर्देश करतो, तर 'मौल्यवान' हा शब्द संघाच्या दृष्टीने त्याला असलेल्या मोलाचा. हे मोल किती काळाचे, कशाने मोजायचे आणि कोणी ठरवायचे, हे नियमांत अनेकदा स्पष्ट केलेले नसते. त्यामुळे या पुरस्काराच्या व्याख्येविषयी सतत मतभेद होत आले आहेत.

== उगम ==

या पुरस्काराचा प्रारंभ अमेरिकेतील बेसबॉलमध्ये झाला. १९१० साली चामर्स या मोटार कंपनीने सर्वाधिक फलंदाजी सरासरी असणाऱ्या खेळाडूला मोटारगाडी बक्षीस देण्याचे जाहीर केले. निकष एकच आणि पूर्णपणे आकड्यांवर आधारलेला होता. हंगामाच्या अखेरीस टाय कॉब आघाडीवर होता. सरासरी घसरू नये म्हणून तो शेवटचे दोन सामने खेळलाच नाही. दुसरीकडे त्याचा प्रतिस्पर्धी नॅप लाजोए याला शेवटच्या दिवशी विरोधी संघाने जणू मोकळीक दिली. सेंट लुइस ब्राउन्सच्या व्यवस्थापकाने आपल्या तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षकाला बराच मागे उभे केले आणि लाजोएने हलके फटके मारून दोन सामन्यांत आठ यशस्वी फटके नोंदवले. मोठा गदारोळ झाला व अखेरीस कंपनीने दोघांनाही गाडी दिली.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९११ मध्ये, कंपनीने निकष बदलला. आता क्रीडापत्रकारांची समिती मतदानाने संघाला सर्वाधिक उपयुक्त ठरलेला खेळाडू निवडू लागली. केवळ आकड्यावर पुरस्कार दिला तर खेळाडू संघासाठी न खेळता आकड्यासाठी खेळू लागतो, हा या प्रसंगाचा धडा पुढील चर्चांचा पाया ठरला.

== व्यावसायिक बास्केटबॉल ==

अमेरिकेतील राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, म्हणजेच एनबीए, १९५५–५६ च्या हंगामापासून हा पुरस्कार देते. पहिला मानकरी सेंट लुइस हॉक्सचा बॉब पेटिट होता. सुरुवातीला खेळाडू स्वतः मतदान करीत. १९८०–८१ च्या हंगामापासून हा अधिकार पत्रकार व समालोचकांच्या मंडळाकडे आला. प्रत्येक मतदार क्रमाने पाच नावे देतो व त्यांना अनुक्रमे १०, ७, ५, ३ आणि १ असे गुण मिळतात. मतदानाची रीत याप्रमाणे निश्चित असली, तरी 'मौल्यवान' म्हणजे काय याची व्याख्या संघटनेने केलेली नाही. ती प्रत्येक मतदाराच्या विवेकावर सोडलेली आहे.

या संदिग्धतेचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण १९६१–६२ च्या हंगामातील आहे. फिलाडेल्फिया वॉरियर्सच्या विल्ट चेंबरलेनने त्या हंगामात प्रत्येक सामन्यात सरासरी ५०.४ गुण मिळवले. हा विक्रम आजही अबाधित आहे. तथापि पुरस्कार मिळाला तो बोस्टन सेल्टिक्सच्या बिल रसेलला. त्याची गुणांची सरासरी चेंबरलेनच्या निम्म्याहूनही कमी होती. परंतु त्याच्या बचावाच्या बळावर सेल्टिक्सने ८० पैकी ६० सामने जिंकले होते. मतदार असलेल्या खेळाडूंनी गुणांपेक्षा विजयाला अधिक मोल दिले.

२०१६–१७ मध्ये कौल उलट दिशेने गेला. ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकने गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन अंकी सरासरी राखली. त्याचा संघ ४७ विजयांसह आपल्या विभागात सहाव्या स्थानी राहिला, तरीही पुरस्कार त्यालाच मिळाला.

अंतिम मालिकेतील सर्वांत मौल्यवान खेळाडूचा स्वतंत्र पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. पहिल्या वर्षी तो लॉस एंजेलिस लेकर्सच्या जेरी वेस्टला मिळाला. त्याचा संघ ती मालिका हरला होता. त्यानंतर पराभूत संघातील एकाही खेळाडूला हा मान मिळालेला नाही.

== महाराष्ट्रातील मैदानी खेळ ==

=== खो-खो ===

महाराष्ट्रातील खो-खो स्पर्धांत एकाच 'मौल्यवान' खेळाडूऐवजी उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक आणि अष्टपैलू खेळाडू अशी विभागणी करण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत पुरुष गटात एकलव्य पुरस्कार व महिला गटात राणी लक्ष्मीबाई पुरस्कार दिला जातो. संरक्षकाने किती वेळ पळती केली आणि आक्रमकाने किती गडी बाद केले, हे धावतक्त्यावर स्पष्ट दिसते. त्यामुळे या विभागणीला ठोस आधार मिळतो.

तथापि येथेही एक उणीव राहते. गडी बाद झाल्याची नोंद त्याला स्पर्श करणाऱ्या खेळाडूच्या नावावर होते. ज्याने संरक्षकाला हुलकावणी देऊन अचूक क्षणी 'खो' दिला व बाद होण्याची स्थिती निर्माण केली, त्याचे नाव गुणपत्रकात येत नाही.

=== कबड्डी ===

कबड्डीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. चढाईपटू एकटा जातो आणि त्याने मिळवलेला प्रत्येक गुण त्याच्या नावावर लागतो. पकड मात्र साखळीने होते: कोपरारक्षक घोटा धरतो, मध्यरक्षक अंगावर येतो, तिसरा खेळाडू मध्यरेषेचा मार्ग अडवतो. एवढे होऊनही पकडीचा गुण सामान्यतः एकाच खेळाडूच्या नावावर नोंदला जातो. शिवाय संघ आघाडीवर असताना अखेरच्या मिनिटांत तीस सेकंद खेळून सुखरूप परत येणारा चढाईपटू सामना वाचवतो. पण त्याची ती चढाई 'रिकामी' म्हणून नोंदली जाते.

प्रो कबड्डी लीगच्या पहिल्या हंगामात (२०१४) हा पुरस्कार यू मुम्बाचा कर्णधार अनुप कुमार याला मिळाला. त्याचा संघ अंतिम सामन्यात पराभूत झाला होता. पहिल्या अकरा हंगामांतील बहुतेक मानकरी चढाईपटूच आहेत. याचे एक कारण गुणनोंदणीच्या वरील पद्धतीत शोधता येते.

== पुणेरी पलटणचे उदाहरण ==

पुणेरी पलटण संघाचे दोन हंगाम या पुरस्काराच्या व्याख्येसाठी विशेष उद्बोधक आहेत. दहाव्या हंगामात पलटणने १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद मिळवले. सर्वाधिक चढाई गुण दबंग दिल्लीच्या आशू मलिकचे होते, तर सर्वाधिक पकडीचे गुण पलटणच्याच मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूचे. सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला तो मात्र पलटणचा कर्णधार, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अस्लम इनामदार. तो कोणत्याही एका यादीत अव्वल नव्हता. परंतु चढाई, पकड आणि नेतृत्व या तिन्ही बाजू त्याने सांभाळल्या होत्या.

अकराव्या हंगामात शादलुई हरियाणा स्टीलर्सकडे गेला आणि इनामदार गुडघ्याच्या दुखापतीमुळे हंगामाच्या मध्यावर बाहेर पडला. गतविजेती पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचू शकली नाही. हरियाणाने मात्र २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे पाटणा पायरेट्सला हरवून पहिले विजेतेपद पटकावले व शादलुई सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला.

'ज्याच्या अनुपस्थितीने संघाचे सर्वाधिक नुकसान होते तो सर्वांत मौल्यवान', ही व्याख्या या घटनाक्रमावरून सिद्ध झाल्यासारखी वाटते. परंतु पलटणच्या घसरणीतील किती वाटा इनामदारच्या दुखापतीचा आणि किती शादलुईच्या जाण्याचा, हे वेगळे काढता येत नाही. अनुपस्थितीचे मोजमाप हा पुरस्काराचा सर्वांत समजण्याजोगा, पण सिद्ध करण्यास सर्वांत कठीण निकष आहे.

== प्रचलित व्याख्या ==

या विषयावरील मतांचे ढोबळमानाने तीन गट पडतात.

* '''सर्वोत्कृष्ट खेळाडू''' – वैयक्तिक कामगिरी सर्वांत उंच असलेला खेळाडू. ही व्याख्या सोपी आहे; परंतु दुर्बल संघात अधिक संधी मिळालेल्या खेळाडूचे आकडे फुगण्याची शक्यता राहते.
* '''विजयी संघाचा आधारस्तंभ''' – यशस्वी संघातील सर्वांत महत्त्वाचा खेळाडू. हिच्यात सांघिक हेतूचा मान राहतो; पण सोबती चांगले मिळणे खेळाडूच्या हाती नसते.
* '''ज्याच्यावाचून संघ कोसळेल असा खेळाडू''' – ही व्याख्या 'मोल' या शब्दाच्या सर्वांत जवळची आहे. मात्र तिच्यामुळे एकाच संघातील दोन थोर खेळाडू परस्परांचे मोल कमी करतात, कारण एक नसला तरी दुसरा संघ सावरतो.

== मोजमाप आणि त्याच्या मर्यादा ==

बास्केटबॉलमध्ये खेळाडू मैदानावर असताना त्याच्या संघाने मिळवलेले गुण वजा गमावलेले गुण, असा एक हिशेब ठेवला जातो. स्वतः गुण न मिळवता बचाव भक्कम करणाऱ्या खेळाडूचे योगदान त्यात काही अंशी दिसते. परंतु सोबत खेळणाऱ्या चौघांचा दर्जाही त्याच आकड्यात मिसळलेला असतो.

इंडियन प्रीमियर लीगमध्ये चौकार, षटकार, बळी, निर्धाव चेंडू, झेल इत्यादींना ठरावीक गुण देऊन हा पुरस्कार ठरवला जातो. २०२५ मध्ये तो मुंबई इंडियन्सच्या सूर्यकुमार यादवला मिळाला. सर्वाधिक धावा गुजरात टायटन्सच्या साई सुदर्शनच्या होत्या आणि मुंबईचा संघ अंतिम फेरीत नव्हता. सूत्र जाहीर असल्याने निवडीत पक्षपाताला वाव राहत नाही. मात्र हरलेल्या सामन्यातील षटकार आणि अखेरच्या चेंडूवर सामना जिंकून देणारा षटकार यांत सूत्र भेद करत नाही.

उपस्थिती हा आणखी एक निकष आहे. एनबीएने २०२३–२४ पासून या पुरस्कारासाठी ८२ पैकी किमान ६५ सामने खेळण्याची अट घातली. मैदानाबाहेर राहून आकडे जपण्याच्या वृत्तीला, म्हणजे १९१० मध्ये दिसलेल्या दोषाला, यामुळे आळा बसतो. प्रामाणिकपणे जखमी झालेला खेळाडूही मात्र त्याच अटीत अडकतो.

== व्याख्येची आवश्यक अंगे ==

वरील उदाहरणांवरून समाधानकारक व्याख्येची चार अंगे सांगता येतात. पहिले, पुरस्कार कौशल्याचा की संघाला झालेल्या उपयोगाचा, हे नावापुरते न ठेवता नियमात लिहिलेले असावे. दुसरे, विचारात घ्यावयाचा काळ – साखळी फेरी, बाद फेरी की संपूर्ण हंगाम – आणि किमान सामन्यांची संख्या आधी जाहीर व्हावी. तिसरे, गुणपत्रकात न उतरणाऱ्या कामाची, जसे साखळीतील दुसऱ्या हाताची किंवा अचूक 'खो' देण्याची, दखल घेणारे जाणकार निवड मंडळात असावेत. चौथे, मंडळाने आपल्या निवडीची कारणे प्रसिद्ध करावीत.

== शालेय व राज्य स्तरावरील महत्त्व ==

व्यावसायिक लीगमध्ये हा प्रश्न मानसन्मानाचा व रकमेचा असतो. शालेय आणि राज्य स्तरावर तो खेळाडूच्या भवितव्याशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्यांनी शालेय स्पर्धा होतात. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण यांसाठी स्पर्धेचा स्तर व संघाचे स्थान पाहिले जाते. पहिल्याच फेरीत बाद झालेल्या संघातील गुणी मध्यरक्षकाला अशा वेळी निवड समितीच्या नजरेचाच आधार असतो. ती नजर केवळ गुणपत्रकावर थांबली, तर चढाईपटू दिसतो आणि त्याला पुन्हा मैदानात आणणारी पकड करणारा खेळाडू दिसत नाही. कबड्डीच्या नियमानुसार बाद झालेला चढाईपटू सामान्यतः सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्धी गडी बाद केल्यावर परत येऊ शकतो. म्हणून त्याच्या पुढील प्रत्येक गुणात त्या पकडीचा वाटा असतो.